पाठभेद

छंद नाही असा मनुष्य जगात विरळा. कोणी तिकिटे जमवितो, कोणी नाणी, कोणी काड्यापेट्यांवरील चित्रे. आणि ज्यास ह्यांपैकी काहीच साधत नाही तो निदान दुसऱ्याच्या छंदास नावे ठेवण्याचा तरी छंद बाळगतो. आम्ही ह्या शेवटल्या वर्गातले. साताऱ्याच्या आमच्या घरी पिढ्यानपिढ्या जमत आल्या त्या जिनसा दोनच, जुनी पंचांगे आणि रिकाम्या बरण्या. आणि दोन्ही ‘पुढे कधी तरी उपयोगी पडतील’ ह्या एकाच भरवशावर. त्यामुळे गेल्या आषाढात, म्हणजे तिकडच्या उन्हाळ्याच्या सुटीत, आमच्या पुतण्याचा बारा वर्षांचा चिरंजीव अमेरिकेहून आला आणि त्याने पेटीतून कपड्यांच्याही आधी एक जाडजूड वही बाहेर काढली, तेव्हा आम्हांस कौतुकापेक्षा धास्तीच अधिक वाटली.

वहीत होती बेसबॉल खेळाडूंची कार्डे. बेसबॉल हा अमेरिकेचा लाडका खेळ. क्रिकेटचा तो दूरचा भाऊबंद म्हणावा इतके दोघांत साम्य, आणि भाऊबंदांत असावा तितकाच अबोला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तिकडील व्यापाऱ्यांनी सिगारेटची नाजूक पाकिटे चेपू नयेत म्हणून आत पुठ्ठ्याचा एक तुकडा घालण्यास आरंभ केला. आणि तुकडा घालावयाचाच तर त्यावर खेळाडूचे चित्र छापावे, म्हणजे गिऱ्हाईक पुढल्या चित्रासाठी पुन्हा येईल, असा हिशेब केला. पुढे तंबाखूची जागा च्युइंग गमने घेतली. चित्रे मात्र राहिली. ह्यांतील सर्वांत नामांकित माला १९०९ ते १९११ ह्या काळात अमेरिकन टोबॅको कंपनीने काढली. संग्राहक तिला ‘टी-२०६’ ह्या नावाने ओळखतात. सुमारे दीड इंच रुंद आणि अडीच इंचांहून थोडी उंच अशी ही पाचशेवर कार्डे आहेत. त्यांतील होनस वॅग्नर नामक खेळाडूचे एक कार्ड २०२२ साली साडेबाहत्तर लाख डॉलरांस विकले गेले, एवढी एकच वार्ता आमच्या कानी होती. तेव्हा आम्ही सहज विचारतो आहोत असे दाखवून विचारले, “त्या वॅग्नरचे आहे का रे तुझ्याकडे?” क्षणभर सगळे घर स्तब्ध झाले. “नाही, आजोबा,” तो म्हणाला. “ही जुनी सगळी पुनर्मुद्रणे आहेत. खरी आहेत ती १९५९ नंतरची.” घरातील मंडळी आपापल्या कामास लागली.

आम्ही मात्र वही चाळू लागलो, आणि एका पानावर अडलो. तिथे एकच गृहस्थ शेजारी शेजारी दोनदा बसले होते. तोच चेहरा, तीच टोपी, तोच आविर्भाव. “हे दुबार आले आहे,” आम्ही म्हटले, “एक काढून टाक.” मुलाने आमच्याकडे ज्या नजरेने पाहिले, त्या नजरेने आम्ही आजवर फक्त पंचांग रद्दीत घालणाऱ्यांकडे पाहिले आहे. “आजोबा, खालची ओळ वाचा.” एका कार्डाखाली होते ‘डेमिट, न्यूयॉर्क’, दुसऱ्याखाली ‘डेमिट, सेंट लुई’.

गोष्ट अशी की, कार्डे छापली जात असतानाच हा रे डेमिट एका संघाकडून दुसऱ्या संघाकडे दिला गेला. छापखान्याने चित्र तेच ठेवले आणि खालची ओळ बदलली. असे प्रकार त्या मालेत अनेक आहेत. डाहलेन हा बोस्टनचाही आहे आणि ब्रुकलिनचाही. क्लाइनो न्यूयॉर्कचा आहे तसाच बोस्टनचा. एल्बरफेल्ड न्यूयॉर्कहून वॉशिंग्टनला गेला, तेव्हा त्याचेही कार्ड त्याच्या मागोमाग गेले. ओळ बदलल्यावर काही कार्डे फार थोडी छापली गेली, आणि म्हणून आज ती दुर्मिळ आहेत. डेमिट आणि ओ’हारा ह्या दोघांची सेंट लुईची कार्डे केवळ ‘पोलर बेअर’ नावाच्या तंबाखूच्या पुडीतूनच निघाली. ती चघळण्याची तंबाखू. कार्ड तिच्यातच पडून असे, त्यामुळे पुष्कळांवर तंबाखूचे डाग आहेत. मुलाने आम्हांस बजावले की, कार्ड हाती आले की नेहमी उलटून पाहावे. पाठीमागे कोणत्या छापाची जाहिरात आहे ह्यावरही मोल ठरते. आम्ही उलटून पाहिले, तो एका पाठीवर ‘टॉलस्टॉय’ आणि दुसरीवर चक्क ‘हिंदू’ अशी सिगारेटची नावे! ज्या घरात आमच्या आजोबांनी विडीचा वासही उंबऱ्याआत येऊ दिला नाही, त्याच घराच्या माडीवर हिंदू सिगारेटची जाहिरात आम्ही भिंगातून वाचीत बसलो होतो.

हे सर्व संभाषण स्वयंपाकघरात ऐकू जात होते. आमच्या वहिनींनी शाळेत तीस वर्षे संस्कृत शिकविले आहे. त्या आतूनच म्हणाल्या, “अहो, म्हणजे पाठभेदच की!”

ह्या एका शब्दाने आमच्या डोक्यात उजेड पडला. पुण्याच्या भांडारकर संस्थेने १९१९ साली महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीचे काम हाती घेतले आणि १९६६ साली पुरे केले. बाराशेंहून अधिक हस्तलिखिते ताडून एक पाठ वर घेतला. पण बाकीचे टाकून दिले नाहीत, तळटीपेत जपून ठेवले. का? तर कोणत्या काळी, कोणत्या प्रांती, कोणी कसे वाचले हे त्यांतूनच कळते. आमच्या ह्या चिरंजीवाचे शास्त्र तर त्याहूनही उदार. तो वरचा पाठ आणि खालचा पाठ असे मानीतच नाही. दोन्ही शेजारी शेजारी लावतो. मात्र चूक आणि पाठभेद ह्यांत त्याचा भेद काटेकोर आहे. जॉर्ज ब्राउन नावाच्या खेळाडूच्या आडनावातले शेवटचे इंग्रजी अक्षर गळले आहे, ती चूक. त्याचे एक कार्ड शिकागोचे आणि दुसरे वॉशिंग्टनचे, हा पाठभेद. कारण त्या त्या दिवशी ते ते खरे होते.

पुढील काळाची कार्डे पाहता पाहता आमचा वेळ बरा गेला. १९५९ साली टॉप्स कंपनीने पाच खेळाडूंच्या कार्डांमागे ‘ह्यास अमुक संघाकडे दिले’ अशा अर्थाची ओळ काही प्रतींत छापली आणि काहींत नाही. १९७४ साली सॅन डिएगोचा संघ वॉशिंग्टनला जाणार अशी बोलवा झाली, म्हणून त्याच कंपनीने पंधरा कार्डांवर वॉशिंग्टन छापून टाकले. आणि संघ तर गेलाच नाही! लग्न मोडले तरी पत्रिका छापून झालेल्या, असा हा प्रकार. सर्वांत आम्हांस आवडले ते ‘टी-२०६’ मधील फ्रँक स्मिथ ह्याचे. १९१० च्या ऑगस्टात त्यास शिकागोहून बोस्टनला धाडले, तेव्हा कार्डाखाली ओळ छापली ती अशी: ‘शिकागो आणि बोस्टन’. छापखान्यात कोणी तरी सोशीक मनुष्य असला पाहिजे.

वहिनी पदरास हात पुशीत बाहेर आल्या आणि म्हणाल्या, “ह्या लोकांच्या वह्या झाल्या, पैसे झाले. आमच्या फळीवर बघा एकदा. माहेरच्या तांब्यावर माझं एक नाव, इथल्या ताटावर दुसरं. नाव बदललं, बापाच्या जागी नवरा आला, आडनाव गेलं. तीन ओळींतली एक ओळ म्हणून राहिली नाही. कुणी लावलीत का ती भांडी शेजारी शेजारी?” आम्ही निरुत्तर झालो. मुलगा मात्र लगेच उठला आणि त्याने फळीवरची भांडी उलटून पाहण्यास आरंभ केला.

असो. येथवर सारा विनोदच होता. चार दिवसांनी आम्ही मुलास घेऊन सांगलीस गेलो, कृष्णाकाठचा गणपती दाखवावा आणि सांगलीच्या पणजोबांस नमस्कार घडवावा म्हणून. हे पणजोबा म्हणजे आमचे धाकटे काका, आता नव्वदी ओलांडलेले. हे आमचे सख्खे काका असून त्यांचे आडनाव आमचे नाही. कारण १९४६ साली, तेरा वर्षांचे असताना, ते सांगलीस दत्तक गेले.

साताऱ्यास आणि सांगलीस दत्तक हा शब्द नवा नव्हे. १८४८ साली दत्तक नामंजूर करून कंपनी सरकारने साताऱ्याचे राज्य खालसा केले. तर सांगलीस श्रीमंत चिंतामणराव अप्पासाहेब पटवर्धन १९०३ साली दत्तक म्हणूनच गादीवर आले. एका गावाचे राज्य दत्तकापायी गेले, दुसऱ्याचे दत्तकाने टिकले. आमच्या घरी राज्य नव्हते. होते चार मुलगे आणि बेताचे उत्पन्न. सांगलीस आजोबांच्या आत्येभावाचे घर होते, मळा होता, आणि मूल नव्हते. दत्तहोम झाला, मुलगा गेला. एवढेच आम्हांस लहानपणी सांगण्यात आले, आणि त्यापुढे कोणी विचारू नये असा घराचा रिवाज होता.

साताऱ्याच्या माडीवर त्या वर्षीचा शाळेच्या क्रिकेट संघाचा एक फोटो आहे. मधल्या ओळीत कडेला, यष्टिरक्षकाचे हातमोजे मांडीवर घेऊन, सर्वांत लहान मुलगा बसला आहे. खाली पुठ्ठ्यावर सुंदर अक्षरांत सर्वांची नावे आहेत. त्याच्या नावापुढे आमच्या आजोबांचे नाव आणि आमचे आडनाव. ह्या फोटोकडे आजीला आम्ही कधी पाहताना पाहिले नाही; पण तो पुसलेला नसे असा एकही दिवस आम्हांस आठवत नाही. १९७१ साली आजी गेली. सांगलीहून काका आले. उपाध्यायांनी निर्णय दिला की, दत्तक गेलेल्या मुलास जन्मदात्रीचे सूतक तीन दिवसांचे. काका तीन दिवस पडवीत बसून राहिले, चौथ्या दिवशी स्नान करून मिरजेच्या गाडीने परत गेले. दहाव्या दिवशी पिंडास कावळा शिवावयास फार वेळ लागला. तेव्हा नदीकाठी जमलेला जो तो मान वळवून सांगलीच्या दिशेस पाहत होता. त्यानंतर काकांचे येणे जवळजवळ थांबले. आम्ही सर्वांनी मनाशी ठरवून टाकले होते की, लहानपणी घराबाहेर काढल्याचे शल्य त्यांच्या मनातून गेले नाही. आमचे वडील तर अखेरपर्यंत म्हणत, “त्याला आम्ही दिला.”

सांगलीच्या घरी पाऊल टाकताच मुलगा भिंतीपाशी जाऊन ओरडला, “आजोबा, पाठभेद!”

भिंतीवर तोच फोटो होता. तेच अकरा खेळाडू, तेच हातमोजे. आम्ही तो पूर्वी अनेकदा पाहिला असेल, वाचला नव्हता. खाली, काकांच्या नावाच्या जागी, कागदाची एक अरुंद पट्टी चिकटविली होती आणि तीवर निराळ्या हाताने लिहिले होते: नाव तेच, वडिलांचे नाव दुसरे, आडनाव सांगलीचे. २०१९ च्या ऑगस्टात कृष्णेचे पाणी आयर्विन पुलापाशी सत्तावन्न फुटांवर गेले तेव्हा ह्या घरातही शिरले होते. त्याचा तपकिरी डाग फोटोच्या निम्म्या भागावर चढला होता आणि पट्टीचे एक टोक सुटले होते. त्या टोकाखालून आमच्या आडनावाचे पहिले अक्षर दिसत होते.

वहिनींचा हात नकळत त्या टोकाकडे गेला. “काढू का हळूच? खालचं नाव नीट असेल.” मुलाने त्यांचा हात धरला. “नको! पट्टी काढली तर काहीच उरणार नाही. मग तो आपल्याकडच्यासारखाच एक होईल.”

काका आरामखुर्चीतून हे पाहत होते. त्यांनी मुलास जवळ बोलाविले, वही मागितली, आणि प्रत्येक कार्ड डोळ्यांशी नेऊन पाहिले. सर्व ऐकून घेतल्यावर त्यांनी एकच प्रश्न केला, “ह्या खेळाडूंना विचारत होते का रे? जातोस का म्हणून?”

मुलगा म्हणाला, “नाही, पणजोबा. नुसतं सांगत.” आणि त्याने डॉन क्लेंडेननची दोन कार्डे काढली. १९६९ साली माँट्रियलच्या संघाने ह्यास ह्यूस्टनला दिले; कार्डावर ‘ह्यूस्टन’ छापूनही झाले; पण गडी गेलाच नाही. तेव्हा कंपनीस पुन्हा ‘एक्स्पोज’ हे माँट्रियलच्या संघाचे नाव छापावे लागले. त्याच वर्षाच्या अखेरीस कर्ट फ्लड ह्याने बारा हंगाम सेंट लुईकडून खेळल्यावर फिलाडेल्फियाला जाण्यास नकार दिला; मी विकाऊ माल नव्हे अशा अर्थाचे पत्र खेळाच्या मुख्य अधिकाऱ्यास लिहिले, आणि थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत दाद मागितली. १९७२ साली पाच विरुद्ध तीन मतांनी तो हरला. १९७० च्या त्याच्या कार्डावर मात्र फिलाडेल्फिया छापलेले आहे, ज्या संघातून तो एकदाही खेळला नाही. त्याच्या मागून आलेल्यांस, १९७५ च्या लवादाच्या निर्णयानंतर, आपला संघ निवडण्याचा हक्क मिळाला. ह्याच सांगलीत वाढलेल्या स्मृती मानधना हिचे नाव २०२३ साली महिलांच्या पहिल्या लिलावात सर्वांआधी पुकारले गेले आणि ३ कोटी ४० लाखांवर बोली थांबली. पण लिलावात नाव तिने आपण होऊन दिले होते.

काका थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “मला विचारलं होतं.”

आम्ही सर्व त्यांच्याकडे पाहू लागलो.

“ह्या घरचे वडील साताऱ्याला आले होते. मला म्हणाले, ‘सांगलीला ये. विजय हजाऱ्यांचं गाव आहे ते. खऱ्या विलोची बॅट घेऊन देतो.’ हजारे तेव्हा विलायतेत कसोटी खेळत होते. रात्री आईने मला मागच्या अंगणात नेलं. म्हणाली, ‘नको असेल तर नको म्हण. मी ह्यांना सांगते.’ मी विचारलं, ‘बॅट खरंच देतील का?’ ती काही बोलली नाही. सकाळी वडिलांना म्हणाली, ‘जातो म्हणतोय.’”

“मग बॅट दिली?” मुलाने विचारले.

“दिली की! शब्दाचे पक्के होते. पण इथे येऊन बघतो तर हजारे कुठले सांगलीत. ते केव्हाच बडोद्याला गेलेले!” काका हसले. त्यांचे म्हणणे खरेच होते. १९१५ साली सांगलीत जन्मलेले हजारे आधी महाराष्ट्राकडून खेळले, मग मध्य हिंदुस्थानाकडून, १९४१ पासून बडोद्याकडून. आणि पंचरंगी सामन्यांत ‘द रेस्ट’ ह्या संघाकडून, ज्याच्या एका डावातील ३८७ धावांपैकी ३०९ एकट्या हजाऱ्यांच्या होत्या. त्यांचे कार्ड कोणी काढते तर छापखान्यास चार ओळी तरी जुळवाव्या लागत्या. १९४७ च्या मार्चात होळकर संघाविरुद्ध बडोद्यास त्यांनी गुल महंमदाबरोबर ५७७ धावांची जी भागीदारी केली, ती २००६ पर्यंत जगात कोणास ओलांडता आली नाही. त्या गुल महंमदाच्या नावाखालचा तर देशच बदलला. भारताकडून आठ कसोट्या खेळून १९५६ साली तो एक कसोटी पाकिस्तानकडून खेळला.

“आणि ती पट्टी?” आम्ही विचारले. “ती ह्या घरच्या आजोबांनी लावली ना?”

“छे! ते म्हणत होते, राहू दे जुनंच नाव. मीच लावली. नव्या शाळेतली मुलं विचारायची, हे कोण म्हणून. खळ करून, मोजून कापून लावली.” मग खाली पाहत ते म्हणाले, “तुम्ही सगळे मला बिचारा समजत आलात. तुझे वडील तर माझ्याशी बोलताना डोळे वर करत नसत. मला सांगावंसं वाटायचं; पण आईच्या तोंडावर बॅट मागितली, हे कुणाला सांगू? ती गेली तेव्हा तीन दिवस बसलो. दहा दिवस बसायचं तोंड मला नव्हतं.”

आम्हांस उत्तर सुचले नाही. ऐंशी वर्षे आमच्या घराने एक पाठ खरा धरला होता आणि त्यावर भाष्येही रचली होती. मुळात काय लिहिले आहे हे वाचावयास कोणी सांगलीस गेला नव्हता. बेसबॉलचा खेळाडू एका संघाकडून दुसऱ्याकडे, तिथून तिसऱ्याकडे जातो, कधी पुन्हा पहिल्याकडेही येतो. दत्तकास ती सोय नाही. १९५६ चा कायदाही झालेला दत्तक मोडू देत नाही. तेरा वर्षांच्या मुलाने दिलेला होकार मग त्याने एकट्याने जन्मभर वागवावयाचा.

मुलाने वही उघडली, फ्रँक स्मिथचे कार्ड बाहेर काढले आणि काकांच्या हातावर ठेवले. “हे तुम्हाला ठेवा, पणजोबा. ह्याच्यावर दोन्ही आहेत.” काकांनी ते उलटून पाठही पाहिली, आणि म्हणाले, “फुकट नको. संग्राहक अदलाबदल करतात ना? मग आपणही करू. साताऱ्याचा फोटो मला आणून द्या. हा तुम्ही न्या.”

त्याप्रमाणे झाले. श्रावणात आम्ही आमचा फोटो सांगलीस पोहोचविला. काकांनी तो समोर, खुर्चीतून दिसेल असा टांगून घेतला आहे. आमच्या माडीवर आता पुराचा डाग चढलेला, पट्टी चिकटविलेला फोटो आहे. तिचे सुटलेले टोक वहिनींनी खळीने पुन्हा बसविले. मात्र पुरते नाही, खालचे एक अक्षर दिसेल इतके मोकळे ठेवून. पाहुणे नावे वाचीत येतात आणि कडेच्या मुलापाशी थांबून विचारतात, “हे कोण?” आम्ही म्हणतो, “आमचे धाकटे काका.” “पण इथं आडनाव तर दुसरंच आहे!” आम्ही सांगतो, “तेही बरोबर आहे,” आणि त्यांस बसावयास पाट देतो, कारण ही गोष्ट उभ्याने सांगण्यासारखी नाही.